हद्दीवरची नावं

सी भाषेत स्ट्रिंग अशी वेगळी वस्तूच नाही. मेमरीतल्या एका जागेचा पत्ता असतो. तिथून एकेक बाइट वाचत पुढे जायचं आणि शून्य हा बाइट आला की थांबायचं, एवढाच तिथला करार. मजकूर किती लांब आहे, कुठल्या संकेतात साठवलाय, ती जागा कुणाच्या मालकीची आहे, यातलं काहीच त्या पत्त्यावर लिहिलेलं नसतं. पायथनमध्ये सगळं उलट. तिथली स्ट्रिंग हा पुरा ऑब्जेक्ट असतो. आपली लांबी त्याला ठाऊक असते, आपल्याला किती जण धरून आहेत याचा हिशेब तो ठेवतो, आणि एकदा तयार झाला की त्याच्यात बदल होत नाही. या दोघांच्या हद्दीवरून मजकुराची ने-आण करणं हे काही वर्षं माझं रोजचं काम होतं. मजकूर होता देवनागरी. इंग्रजी मजकुरावर या हद्दीतल्या बहुतेक चुका वर्षानुवर्षं लपून राहतात, कारण तिथे अक्षर म्हणजे बाइट आणि बाइट म्हणजे अक्षर. देवनागरी त्यांना लपू देत नाही. ही अडचण नसून मोठी सोय आहे, असं माझं मत या कामानं झालं.

काम होतं गावांच्या नावांचं. एका संस्थेकडे महाराष्ट्रातल्या गावांच्या दोन याद्या होत्या, एक जुनी आणि एक नवी, आणि जुन्या यादीतलं प्रत्येक गाव नव्या यादीत कुठे आहे ते शोधायचं होतं. एकीकडे पिंपळगांव, दुसरीकडे पिंपळगाव. एकीकडे बुद्रुक, दुसरीकडे नुसतं बु. वडगाव तर राज्यभर विखुरलेली. तालुक्याची गाळणी लावावी म्हटलं तर जिल्हेच हललेले: २०१४ साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे जव्हार आणि मोखाडा जुन्या यादीत ठाण्याखाली आणि नव्या यादीत पालघरखाली. गावं चाळीस हजारांहून अधिक. सरसकट प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची तर १६० कोटी जोड्या होतात. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली तुलना एवढ्या जोड्यांना पुरी पडत नाही. त्यासाठी सी हवीच.

सीमधला कोड तयार होता. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो नव्वदच्या दशकात लिहिला होता, इस्की संकेतासाठी. इस्की हे १९९१ साली भारतीय मानक झालं. त्यात एका बाइटच्या खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी असते, त्यामुळे प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला एकच बाइट पुरतो. कोड स्वच्छ होता, वेगवान होता, आणि त्यातल्या प्रत्येक निर्णयाला त्या काळातलं कारण होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे जे बिघडलं ते जुन्या कोडमुळे बिघडलं असं वाटण्याचा संभव आहे. ते बिघडलं दोन काळांच्या, दोन भाषांच्या सांध्यावर. जुन्या कोडनं आपली बाजू चोख सांभाळली होती.

पहिला प्रयत्न माझ्या शेजारी बसणाऱ्या तरुण सहकाऱ्यानं केला. पायथनसोबत येणारं सीटाइप्स हे मॉड्यूल वापरलं की एक ओळही सी न लिहिता सीमधली फंक्शन बोलावता येतात. त्यानं फंक्शनला थेट नाव दिलं आणि सीच्या बाजूला ते छापून पाहिलं.

"मॅडम, ठाणे छापलंच जात नाहीये," तो म्हणाला. "सातारा दिलं की आठ येतो. रत्नागिरीला शून्य."

"पुणे?"

"पुण्याला फुली. म्हणजे गुणाकाराची असते ना, ती चांदणी. मुंबईला टिंब, नागपूरला कंस. आणि माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर रत्नागिरीची लांबच लांब ओळ येते. शून्य, डॉलर, मग इंग्रजी एम, पुन्हा कंस."

त्या दुपारी आम्ही कागद घेऊन बसलो. सीटाइप्सला जर आधी सांगितलं नसेल की या फंक्शनला काय लागतं, तर पायथनची स्ट्रिंग ते रुंद अक्षरांच्या रूपात पाठवतं. लिनक्सवर अशा प्रत्येक अक्षराला चार बाइट, विंडोजवर दोन. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट २३०४ पासून सुरू होतो, म्हणजे ९ गुणिले २५६. या गटातल्या कुठल्याही अक्षराचे बाइट सुटे केले की एक बाइट ९ असतो आणि दुसरा ० ते १२७ मधला काहीतरी. र चा क्रमांक २३५२. त्याचे लिनक्सवरचे चार बाइट ४८, ९, ०, ०. आता सी वाचायला लागते. ४८ म्हणजे शून्य हा छापील आकडा, ९ म्हणजे टॅब, आणि पुढचा बाइट शून्य, म्हणजे मजकूर संपला. स चा खालचा बाइट ५६, तो आठचा आकडा. प चा ४२, ती चांदणी. म चा ४६, ते टिंब. न चा ४०, तो कंस. आणि ठ चा ३२. बत्तीस म्हणजे स्पेस. ठाणे छापलं जात होतं, पण एक स्पेस आणि एक टॅब या रूपात. विंडोजवर अक्षरामागे दोनच बाइट असल्यानं मधे शून्य येत नव्हतं, म्हणून तिथे पूर्ण नाव निघत होतं, दर अक्षरामागे एक टॅब घेऊन: त चा डॉलर, पाय मोडल्याच्या खुणेचा एम, न चा कंस.

हा हिशेब जुळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी नाव दिलं असतं तर पहिलं अक्षर छापलं जाऊन काम थांबलं असतं, आणि बाकीची अक्षरं कुठे गेली याचा आम्ही भलतीकडेच शोध घेतला असता. इथे प्रत्येक चुकीच्या चिन्हात खऱ्या अक्षराचा क्रमांक शाबूत होता. उपाय सोपा निघाला. फंक्शनला बाइटचा पत्ता लागतो हे सीटाइप्सला आधीच सांगायचं. मग कुणी चुकून स्ट्रिंग दिली तर ते लगेच नकार देतं, आणि स्ट्रिंगचे यूटीएफ-८ बाइट करणं ही पायथनच्या बाजूची जबाबदारी ठरते.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा बदलता. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. पायथन त्याची लांबी १० सांगतो, कारण काना आणि पाय मोडल्याची खूण तो वेगळी मोजतो. सीला त्यात ३० बाइट दिसतात. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि हद्दीवर त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. जुन्या कोडमध्ये नावासाठी ६४ बाइटची जागा राखलेली होती. इस्कीत ती त्रेसष्ट चिन्हांना पुरे, गाव-तालुका-जिल्हा एकत्र करूनही उरे. यूटीएफ-८ मध्ये तिथे एकवीसच चिन्हं मावतात आणि उरलेलं कापलं जातं.

या कापण्यातली एक गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली. चौसष्टातून शेवटच्या शून्याचा एक बाइट वजा केला की ६३ उरतात, आणि ६३ ला तीननं पूर्ण भाग जातो. १६, ६४, २५६, १०२४ या सगळ्या मापांचं असंच आहे. चारचा कुठलाही घात घ्या, त्यातून एक वजा केला की तीननं भाग जातोच. म्हणून चाचणीत सलग शंभर 'क' दिले तर मजकूर कापला जातो, पण बरोबर चिन्हाच्या कडेला, आणि पायथन तो तक्रार न करता परत घेतो. खऱ्या नावांत स्पेस असतात, आणि स्पेस एका बाइटची. कापलेल्या भागात दोन स्पेस आल्या की शेवटी २२४ हा एकटा बाइट लोंबकळत राहतो आणि परत येताना पायथन डिकोडची त्रुटी देतो: मजकूर अनपेक्षितपणे संपला. तीन स्पेस आल्या की पुन्हा सगळं सुरळीत. त्यामुळे 'खुर्द' लागलेली काही गावं पार पडत होती आणि त्यांच्याच शेजारची साधी नावं अडत होती. ३२ किंवा १२८ बाइटची जागा असती तर सलग अक्षरांच्या चाचणीतच हे उघड झालं असतं. तेव्हापासून देवनागरीची चाचणी लिहिताना मी स्पेस असलेली, अर्धवट इंग्रजी मिसळलेली, आकडे असलेली नावंच घेते.

बाइटच्या चिन्हाचा प्रश्नही इथेच उभा राहिला. इंटेलच्या मशीनवर सीमधला साधा कॅरॅक्टर ऋण संख्याही धरतो, म्हणून २२४ तिथे उणे ३२ होतो. त्याच आकड्यानं तक्त्यात बघायला गेलं की तक्त्याच्या बत्तीस घरं आधीची भलतीच मेमरी वाचली जाते. लिनक्सच्या एआरएम मशीनवर तोच कॅरॅक्टर धन असतो, आणि तिथे हाच कोड बरोबर चालतो. इस्कीचे बाइटही वरच्या अर्ध्या भागातले, त्यामुळे मूळ लेखकांनी हे ओळखून सगळीकडे धन प्रकारच वापरला होता. मधल्या काळात जोडलेल्या थोड्या ओळींत ती काळजी सुटली होती, तेवढी दुरुस्त केली.

सीटाइप्स सोडून आम्ही स्वतःचं एक्स्टेन्शन मॉड्यूल लिहायला घेतलं ते वेगासाठी, पण हाती त्याहून मोठी गोष्ट लागली. पायथनच्या सी-एपीआयमध्ये येणारा प्रत्येक अर्ग्युमेंट कोणत्या रूपात हवा ते एका अक्षरानं सांगायचं असतं. नुसता एस लिहिला तर यूटीएफ-८ मजकुराचा पत्ता मिळतो आणि मजकुराच्या मधे शून्य बाइट नाही ना हे पायथन तपासून देतो. असेल तर तिथेच चूक दाखवतो. एसपुढे हॅश लिहिला तर पत्त्यासोबत लांबीही मिळते आणि मधल्या शून्यांची मुभा असते. आमच्या जुन्या यादीत असे शून्य होते. ती यादी ठरावीक रुंदीच्या रकान्यांच्या फाइलींतून आलेली, आणि नाव छोटं असेल तर उरलेला रकाना शून्यांनी भरलेला. पायथनच्या स्ट्रिंगमध्ये ती शून्यं आरामात राहतात, छापली तर दिसतही नाहीत. काही नोंदींत तर रकाने जुळवताना शून्यांच्या पुढे तालुक्याचं नाव चिकटलेलं होतं. सीटाइप्समधून जाताना सी पहिल्या शून्याशी थांबत होती, आणि तालुका गप्पकन गळून पडत होता. कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. एक्स्टेन्शननं पहिल्याच दिवशी त्या नोंदी अडवल्या. गप्प बसून चुकीचं उत्तर देणाऱ्या कोडपेक्षा अडून बसणारा कोड मला कधीही जवळचा वाटतो, विशेषतः जिथे त्या नोंदीमागे कुणाचं घर, कुणाची जमीन असते.

लांबी घेण्यातही एक जुनी गोम होती. पायथनच्या ३.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांत एक ठरावीक व्याख्या फाइलीच्या अगदी वर लिहावी लागे, नाहीतर ३.१० च्या आधी लांबी जुन्या, चार बाइटच्या मापात लिहिली जाई. आपण आठ बाइटची जागा दिलेली असे. वरचे चार बाइट तसेच राहत, आणि त्यांत आधीचा कचरा असला की गावाच्या नावाची लांबी अब्जावधी भरे. आता तो प्रश्न राहिलेला नाही, पण जुनी एक्स्टेन्शन उघडली की मी अजून सगळ्यात आधी ती ओळ शोधते.

सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेला, आणि जो गेल्याचं मला समाधान आहे, तो प्रश्न अंतराचा. दोन नावांत किती फरक आहे हे मोजायची ठरलेली रीत अशी: एकापासून दुसरं करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील ते मोजायचं. जुना कोड हे बाइटवर मोजत होता. इस्कीत बाइट म्हणजेच चिन्ह, त्यामुळे ते बरोबर होतं. यूटीएफ-८ बाइट दिले तरी आकडे येत होते, आणि दिसायला ठीक वाटत होते. क च्या जागी ख आला तर शेवटचा एकच बाइट बदलतो, अंतर १. पहिल्या उकाराचा दुसरा उकार झाला, अंतर १. पण पहिल्या वेलांटीची दुसरी वेलांटी झाली की अंतर २ येत होतं. कारण युनिकोडच्या क्रमात पहिली वेलांटी बरोबर अशा जागी बसली आहे, जिथे दुसऱ्या बाइटचा १६४ संपतो, आणि दुसरी वेलांटी जिथे १६५ सुरू होतो. दोघी लगतच्या, पण त्यांच्या मधून बाइटची सीमा जाते. एक अनुस्वार जास्त असेल तर अंतर थेट ३.

मराठी गावांच्या नावांत सगळ्यात जास्त फरक कशाचे असतात? वेलांटीचे आणि अनुस्वाराचे. जुनी कागदपत्रं गांव लिहितात, नवी गाव लिहितात. वेलांट्या तर लिहिणाऱ्यागणिक बदलतात. म्हणजे जो फरक आमच्या दृष्टीनं सगळ्यात किरकोळ, त्यालाच आमचा कोड सगळ्यात जास्त किंमत लावत होता, आणि क चा ख होणं, ज्यानं गावच बदलू शकतं, ते त्याला स्वस्त वाटत होतं. निकालाच्या यादीत काही पिंपळगांवं आपल्या पिंपळगावाला सोडून तिसऱ्याच नावाशी जोडली जात होती, ती यामुळे. हे शोधणाऱ्या सहकाऱ्याला मी मनापासून दाद दिली. तिनं अडलेल्या शंभरेक जोड्या हातानं चाळल्या आणि सगळ्यात वेलांटी किंवा अनुस्वार आहे हे तिच्या नजरेनं टिपलं.

इथे आम्ही हद्दच हलवली. यूटीएफ-८ बाइट द्यायचे नाहीत, चिन्हं द्यायची असं ठरलं. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्ट्रिंग मेमरीत कशी ठेवायची हे पेप ३९३ या प्रस्तावानं ठरवलेलं आहे. स्ट्रिंगमधलं सगळ्यात मोठं चिन्ह ज्या मापात बसेल ते माप सगळ्या चिन्हांना: एक, दोन किंवा चार बाइट. देवनागरी नाव दोन बाइटच्या मापात बसतं. नुसतं इंग्रजी किंवा नुसते इंग्रजी आकडे असतील तर एक बाइट. कुणी नावापुढे इमोजी टाकला असेल तर अख्ख्या नावाला चार बाइट. सीच्या बाजूनं आधी माप विचारायचं आणि मग चिन्हं वाचायची. आमच्या कोडनं सुरुवातीला तिन्ही मापांसाठी वेगळा रस्ता ठेवला. पुढे आम्ही सरळ चार बाइटच्या मापात प्रत करून घ्यायला लागलो. त्यात थोडी मेमरी जास्त लागते, पण तुलनेचा कोड एकच राहतो आणि वाचणाऱ्याला समजतो. ती प्रत पायथनच्या मेमरी-व्यवस्थेतून येते, म्हणून ती त्याच व्यवस्थेच्या फंक्शननं सोडायची, सीच्या नेहमीच्या फ्रीनं नाही. हा नियम मोडला तर कधी काहीच होत नाही आणि कधी भलत्याच ठिकाणी प्रोग्रॅम कोसळतो.

मालकीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. पायथनकडून मिळालेला मजकुराचा पत्ता आपल्या मालकीचा नसतो. तो त्या स्ट्रिंग-ऑब्जेक्टचा. ऑब्जेक्ट जिवंत तोवर पत्ता खरा. जुन्या लायब्ररीत नावांची नोंदणी करणारं एक फंक्शन होतं. ते प्रत्येक नावाचा फक्त पत्ता आपल्या तक्त्यात ठेवायचं, प्रत करायचं नाही. मूळ प्रोग्रॅममध्ये सगळी फाइल सुरुवातीला मेमरीत यायची आणि शेवटपर्यंत तिथेच राहायची, त्यामुळे प्रत करणं म्हणजे मेमरीची नासाडी, आणि तेव्हा मेमरी महाग होती. आता पायथन फाइल ओळीनं वाचत होता. एक नाव वाचायचं, नोंदवायचं, पुढच्या ओळीवर जायचं. पुढच्या ओळीवर गेल्यावर आधीची स्ट्रिंग कुणालाच नको असते, पायथन ती जागा मोकळी करतो, आणि सारख्याच मापाची मागणी लगेच आली तर तीच जागा पुन्हा देतो. परिणाम असा की नोंदणी झाल्यावर तक्ता पाहिला तर सारख्या लांबीची बरीचशी गावं एकाच नावाची. वडगाव, शिरगाव, सोनगाव सगळी गेली, आणि त्यांच्या जागी शेवटी वाचलेलं एकच नाव ओळीनं उभं.

अशा वेळी पायथनचा मेमरी-तपासणीचा पर्याय फार उपयोगी पडतो. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की मोकळी झालेली प्रत्येक जागा एकाच ठरावीक बाइटनं भरली जाते. जुना पत्ता कुणी वाचायला गेलं की त्याला खरं वाटेल असं नाव मिळत नाही, तोच एक बाइट परत परत मिळतो, आणि चूक दडत नाही. आमच्यापुढे दोन उपाय होते. स्ट्रिंग-ऑब्जेक्टला सीच्या बाजूनंही धरून ठेवायचं, म्हणजे त्याचा संदर्भ-आकडा एकानं वाढवायचा, किंवा मजकुराची स्वतःची प्रत करायची. मी प्रत करण्याच्या बाजूनं होते. प्रत केली की सीचा तक्ता पायथनपासून सुटा होतो, तुलना चालू असताना पायथनचं कुलूप सोडून बाकीच्या थ्रेडना काम करू देता येतं, आणि कोण काय सोडणार हे एका फाइलीत वाचता येतं.

एकदा मेमरी वाढत जाते म्हणून गळती शोधायला बसलो आणि गळती सापडेना. शेवटी कळलं की गळती नव्हतीच. स्ट्रिंगचा यूटीएफ-८ मजकूर मागितला की पायथन तो तयार करून त्या स्ट्रिंगपाशीच जपून ठेवतो, पुन्हा मागितला तर लगेच देता यावा म्हणून. 'महाराष्ट्र' मूळ साठवणीत २० बाइटचा, त्याला शेवटच्या शून्यासकट आणखी ३१ बाइट जोडले जातात, आणि स्ट्रिंग जगेल तोवर ते राहतात. यादी दिवसभर मेमरीत, म्हणजे ही जोडही दिवसभर. इंग्रजी मजकुराला याचा काहीच खर्च नाही, कारण तिथे मूळ साठवण आणि यूटीएफ-८ एकच असतं. त्यामुळे इंग्रजी याद्यांवर मोजून पाहणाऱ्याला हा खर्च कधी दिसणार नाही. आम्ही जिथे यूटीएफ-८ लागतं तिथे वेगळा बाइट-ऑब्जेक्ट मागायला लागलो, काम झालं की तो सोडायचा.

परतीच्या वाटेवर वेगळे प्रश्न. जुनं फंक्शन सापडलेल्या नावाची नवी प्रत करून तिचा पत्ता परत द्यायचं. ती सोडायची जबाबदारी बोलावणाऱ्याची, असं वरच्या टिपणीत नीट लिहिलं होतं. पण सीटाइप्सला परतीचा प्रकार कॅरॅक्टरचा पत्ता असा सांगितला की ते मजकुराचा बाइट-ऑब्जेक्ट करून देतं आणि मूळ पत्ता टाकून देतं. मग सोडणार काय? पत्ताच हातात नाही. आणि परतीचा प्रकार सांगितलाच नाही तर ते उत्तर चार बाइटची संख्या आहे असं समजतं, आठ बाइटचा पत्ता अर्धा कापला जातो, आणि पुढचं वाचन कुठल्या तरी अनोळखी जागी. एक्स्टेन्शनमध्ये क्रम साधा आहे: मजकुरापासून पायथनची स्ट्रिंग करायची, ती आपली प्रत करून घेते, मग सीची प्रत फ्रीनं सोडायची. मधे चूक झाली तरी सोडायची, हे मात्र प्रत्येक वाटेवर तपासावं लागतं.

डिकोड न झालेल्या मजकुराचं काय करायचं यावर आमच्यात चर्चा झाली. चुकीच्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट घालून पुढे जाण्याची सोय पायथन देतो. काहींना ती पसंत होती, काम अडत नाही म्हणून. मी तिला ठाम विरोध केला. चौकट असलेलं नाव एकदा यादीत शिरलं की ते कुठून आलं हे सांगता येत नाही, आणि त्या गावातल्या माणसाला आपलं गाव शोधूनही सापडत नाही. शेवटी नियम कडक ठेवला. बाइट चुकीचे असतील तर नोंद बाजूला काढायची आणि माणसानं पाहायची.

तेव्हाच कऱ्हाडचा प्रश्न आला. कऱ्हाडमधला तो अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप केलेला सापडला. कुठे नुक्त्याचा र हे एकच चिन्ह आणि पाय मोडल्याची खूण. कुठे साधा र, त्यावर सुटा नुक्ता, मग पाय मोडल्याची खूण. कुठे साधा र, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखे. सीच्या दृष्टीनं तीन वेगळे मजकूर. युनिकोडच्या प्रमाणीकरणानं पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी आमचा स्वतःचा नियम लागला. हे सगळं पायथनच्या बाजूला, हद्द ओलांडण्यापूर्वी करायचं ठरलं. भाषेचं ज्ञान तिकडे, मोजणी इकडे.

पण यातून नवी अडचण निघाली. प्रमाणीकरण करून पाठवलेलं नाव परत आलं की ते मूळ यादीत जसं लिहिलं होतं तसं नसे. संस्थेला मूळ लेखन जसंच्या तसं हवं होतं, कारण सरकारी कागदावर तेच होतं. मग आम्ही सीकडून नाव परत घेणंच बंद केलं. आता जुळवणीचं फंक्शन फक्त ओळ-क्रमांक आणि अंतर देतं, आणि पायथन आपल्या यादीतून त्या क्रमांकावरची मूळ स्ट्रिंग काढतो. नवी प्रत नाही, डिकोड नाही, सोडायचं काही नाही. परतीच्या वाटेवरचा निम्मा कोड आम्ही त्या आठवड्यात काढून टाकला.

मजकूर परत देणारं एकच फंक्शन त्या मॉड्यूलमध्ये उरलं, इस्कीचे बाइट घेऊन युनिकोड देणारं. पायथनच्या प्रमाणित संकेतांत इस्की नाही, म्हणून ते रूपांतर आमचंच आहे. त्याला फक्त बाइट देता येतात, स्ट्रिंग दिली तर ते घेत नाही. फंक्शनच्या डोक्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत: येणारे बाइट कोणत्या संकेतात आहेत, लांबी कशात मोजलेली आहे, आणि परत दिलेली जागा कोण सोडणार. मूळ लेखकांनी त्यांच्या फाइलीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांची ती ओळ आम्ही तशीच ठेवली आणि वर दोन ओळींची भर घातली.